फांदी कोणीतरी धरा

मागच्या जानेवारीत यवतमाळहून दारव्ह्याला चालले होते, तर बस वाटेतच बंद पडली. ड्रायव्हरनं बोनेट उघडलं, कंडक्टरनं तंबाखू मळायला घेतली, आणि आम्ही सगळे उतरून सावली शोधू लागलो. रस्त्याच्या कडेला, एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीचं झाड होतं. बोराच्या झाडाखाली एक वास असतो. आंबूस, गुळचट, वाळल्या पानांचा आणि थोडासा शेळ्यांचा. तो वास नाकात गेला आणि मी पन्नाशीकडे झुकलेली बाई, पदर खोचून चक्क खाली वाकले. पाचसहा बोरं वेचली, पदराला पुसली आणि तोंडात टाकली.

तेवढ्यात बसमधलेच दोन तरुण आले. एकानं मोबाइल काढून एका लालबुंद बोराचा फोटो घेतला, बोटांनी मोठा करून पाहिला, दुसऱ्याला दाखवला आणि दोघंही निघून गेले. बोर तिथंच राहिलं. बोर बघून न खाता जाणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. असा राग आला म्हणून सांगू! आम्ही एका बोराच्या फोटोपायी अर्धा दिवस काट्यात उभे राहिलेली माणसं. आमचे निम्मे फोटो आमच्याच पोटात गेले, पण खाल्ल्याशिवाय एकही फळ सोडलं नाही.

आम्ही म्हणजे मी, माझा मनोहरकाका आणि कुंदा.

मनोहरकाका माझ्या वडिलांचा सगळ्यात धाकटा भाऊ. माझ्याहून सातआठ वर्षांनीच मोठा, त्यामुळे मी त्याला सरळ अरेतुरे करायची. आमची शेती गावी होती, वडील ती करायचे. काकाला नांगरापेक्षा कॅमेरा आवडला म्हणून त्यानं दारव्ह्यात फोटो स्टुडिओ टाकला. मागच्या दोन खोल्यांत काका आणि कॉलेजसाठी आलेली मी, असा आमचा संसार. भाजी मी करपवायची आणि भाकरी काका. कुंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचे वडील तहसील कचेरीत नाझर, म्हणजे रोकड आणि हिशेब सांभाळणारे, होते, आणि सगळं गाव त्यांना नाझरसाहेबच म्हणायचं. आमची शेतकऱ्याची जात मोकळीढाकळी, तर त्यांच्या घरी चपला कोणत्या दिशेला काढायच्या याचासुद्धा नियम होता.

ती कापसाची वाईट वर्षं होती. तेव्हा दारव्ह्यात सगळं कापसावर चाले. कापूस विकला की लग्नं ठरत, लग्नं ठरली की मांडव पडत, मांडव पडले की काकाच्या गळ्यात कॅमेरा पडे. त्या वर्षांत बोंडअळी आली, भाव पडला, आणि लग्नं पुढच्या सालावर गेली. स्टुडिओत यायचे ते फक्त अर्जाला चिकटवायचे फोटो काढणारे, तेही हसायला तयार नसायचे. मुंबई-दिल्लीचे फोटोग्राफर मात्र जीप घेऊन यायचे, काकाकडून रोल घ्यायचे आणि इकडे रडणारी घरं कुठं आहेत असं विचारायचे. काका रोल द्यायचा, रस्ता सांगायचा नाही. "मले नाही माहीत बावा," म्हणायचा. ते गेले की कितीतरी वेळ काच पुसत बसायचा.

अशात एक दिवस चंपालालशेठ आले. त्यांचं बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं, आणि दर वर्षी ते गिऱ्हाइकांना भिंतीवरचं कॅलेंडर वाटायचे.

"देख मनोहर," शेठ म्हणाले, "पुढच्या सालच्या कॅलेंडरवर देव नको. लोकं देवावर नाराज हायेत. हिरोईन लावली तं बाया घरात घेत नाई. अन् कापूस लावला तं कॅलेंडरसकट मलेच जाळतीन. असं काई काढ का ज्याले पेरा लागत नाई, फवारा लागत नाई, अन् भाव पाह्यले यार्डात जा लागत नाई."

"म्हंजे रानातली फळं?" काकानं विचारलं.

"बस! बारा महिने, बारा फळं."

फवारणीचं औषध विकणारा माणूस न फवारलेल्या फळांची जाहिरात करायला निघाला होता, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. काकाच्या तर डोळ्यांत एकदम दिवाळी आली. वर्षभराचं काम होतं ते. कॅलेंडर चांगलं निघालं तर स्टुडिओ टिकणार होता.

पण काकाला फोटो येत होते ते लग्नाचे. पहिल्याच दिवशी, संक्रांतीच्या आसपास, आम्ही बोरीजवळ गेलो तेव्हा त्यानं स्टुडिओतला पडदा बरोबर घेतला होता. पडद्यावर निळं तळं, दोन हंस आणि लांबवर बर्फाचे डोंगर. तो पडदा दोन तुराट्यांवर ताणून बोरीच्या मागे उभा केला. बोरं वधूवरांसारखी जोडीनं निवडली. "जराशी मान वर," असंही सवयीनं बोलून गेला. पुढे त्यातलं एक जोडपं बदामाच्या आकारात बसवून त्याचा प्रिंट काढला. शेठनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "हे बोराचं कॅलेंडर हाय का लगनाची पत्रिका?" म्हणाले.

पडदा गेला, पण वारा राहिला. आमच्याकडचा माघातला वारा तुम्हाला माहीत नसेल. तो फांदीला क्षणभर स्वस्थ बसू देत नाही. काकाचा कॅमेरा जुना, फळ इवलंसं, आणि फांदी सारखी डुलणारी. "हलू नको वो माय!" असं तो बोरीला विनवायचा. दुसऱ्या खेपेला कुंदा आमच्याबरोबर आली होती. आम्ही दोघी वनस्पतिशास्त्र घेतलेल्या, त्यामुळे घरी सांगायला प्रॅक्टिकल होतंच. आणि ते तसं खोटंही नव्हतं. तिनं बराच वेळ काकाची तारांबळ पाहिली आणि म्हणाली, "काका, मी धरू का फांदी?"

मैत्रिणीचा काका तो आपलाही काका, हा आमच्याकडचा शिरस्ता. काकाचा चेहरा त्या हाकेनं बोरात अळी निघाल्यासारखा झाला. पण "धर," म्हणाला. कुंदानं फांदी धरली, वारा थांबल्यासारखा झाला, आणि कॅमेऱ्यानं चटकन् डोळा मिटला.

रोल धुवून आला तेव्हा हातावाचूनची सगळी बोरं धुरकट, आणि हातातली बोरं अशी की उचलून खावीत. शेठ खूश. "हात राहू दे. त्यानं फळ केवढं ते समजते." मग ठरूनच गेलं. वर्षभर कुंदानं फांदी धरायची. फक्त हात घ्यायचा, चेहरा नाही, पदर नाही, वेणीचं टोकसुद्धा नाही. नाझरसाहेबांच्या मुलीचा फोटो बियाण्याच्या कॅलेंडरवर! पण हाताला काय, नाव थोडंच असतं? असं आम्ही तिघांनी अगदी शहाण्यासारखं ठरवलं.

त्या वर्षातलं मला सगळं वासानंच आठवतं. मार्चमध्ये गावठाणातल्या चिचबिलाया, म्हणजे विलायती चिंचा, त्यांच्या गुलाबी शेंगांचा तुरट, धुळकट वास. पोपट वर खायचे आणि आम्ही खाली. पोपटानं टाकलेली शेंग सगळ्यात गोड असते, हे कुंदाचं मत. आणि उष्टं कोणाचंही असो, ती खाऊन दाखवायची. मग उन्हाळा आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं. टेंभराला जंगलात जावं लागे. जीपच्या टपावर बसून जायचं, पुढे पायी. तेंदूपानं तोडणाऱ्या बाया डोक्यावर पुडे घेऊन उतरत असायच्या, आणि आम्हाला फळाचा फोटो काढताना पाहून थांबायच्या. "फळ खातेत का त्याची फोटू काढतेत वो?" असं विचारून त्या इतक्या हसायच्या की त्यांचे पुडे सुटायचे. उन्हानं रोल खराब होऊ नये म्हणून काका तो ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून पोटाशी धरायचा, तान्ह्या लेकरासारखा. टेंभराचा गर जिभेला लागला की तोंड चिकटतं, आणि मग कोणालाच बोलता येत नाही. जंगलातली ती मुकी दुपार, पानांचा करकर आवाज, आणि आम्ही तिघं चिकटल्या तोंडानं हसतोय. तितकं निर्भेळ मी नंतर कधी हसले असेन असं वाटत नाही.

तोवर कुंदाच्या तोंडचं 'काका' गळून पडलं होतं. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. 'अहो' म्हणायचा हक्क नव्हता, 'अरे' म्हणायची हिंमत नव्हती. ती नुसतं "ऐकलं का" म्हणे. आणि काका इतकं ऐके की कॅमेऱ्याचं झाकण न काढताच फोटो घेई.

मी काही आंधळी नव्हते. टेंभराच्या जंगलातून परतताना मी काकाला गाठलं. "तिच्या घरी स्थळं पाहणं सुरू आहे. तू बोलत का नाहीस?"

"बोलतो ना वो. जांभळं येऊ दे."

जांभळं आली. रस्त्याकडेची झाडं खालचं डांबर जांभळं करून बसली. पहिले ढग, ओली माती आणि त्यात सडलेल्या जांभळांचा दारूसारखा वास. कुंदानं ओंजळभर जांभळं धरली, तर फोटो निघेस्तोवर ओंजळ अर्धी झाली आणि हात मनगटापर्यंत जांभळा. तो रंग आठ दिवस गेला नाही. घरी तिनं शाई सांडली असं सांगितलं. "बोललास का?" मी काकाला विचारलं. "आता लोकं पेरणीत हायेत. पाऊस थांबू दे." जणू नाझरसाहेबांना पेरणी करायची होती!

श्रावणात रायमुन्या. रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या झुडपाचा तो उग्र वास, हात लावला की दिवसभर जात नाही. त्याची बारीक काळी फळं आम्ही शाळेत असताना मुठीनं खायचो. काकानं त्याही काढल्या. कुंदाच्या तळव्यावर तेव्हा नागपंचमीची मेंदी होती, काळ्या फळांखाली लाल नक्षी. तो फोटो काकानं कितीदा तरी उजेडाला धरून पाहिला. "चांगला आला," म्हणाला आणि प्रिंट खिशात ठेवला. शेठला त्याचाच दुसरा काढून दिला.

सप्टेंबरमध्ये आमचं अडलं. सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे सगळ्यात रिकामा महिना. जुनं संपलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. रानातही तेच. शेवटी आम्ही माझ्या वडिलांच्या वावरात गेलो. कापूस डोक्याएवढा, पण फुलापातीत जीव नव्हता. बोंड हातात घेतलं की अळीनं पाडलेलं भोक. फवारणीचा वास सगळीकडे बसलेला. पण वावराच्या एका कोपऱ्यात वडिलांनी त्या साली फवारणं सोडून दिलं होतं, आणि तिथं ओळींच्या मधून कामोण्या पिकल्या होत्या. मण्याएवढी काळी टपोरी फळं, तणातच मोडणारी. पण निंदणाऱ्या बाया ते झुडूप मुद्दाम ठेवतात, निंदता निंदता तोंडात टाकायला. कुंदानं झुडूप धरलं, काका गुडघ्यावर बसला. वडील धुऱ्यावर उभे राहून बघत होते.

"काढ बावा, काढ," ते म्हणाले. "या सालात वावरात भरलेलं दिसते असं हेच एक हाय. पुढच्या साली हेच पेरतो."

आम्ही हसलो. तेही हसले. पण त्यांनी हसताना पाठ फिरवली, आणि मला ते हसणं अजून ऐकू येतं. कुंदानं मूठभर कामोण्या तोडून त्यांच्या हातावर ठेवल्या. ते उभ्याउभ्या एकेक करून सगळ्या खात राहिले.

येरोण्या, ती काटेरी वेलीवरची बारीक काळी बोरं, पिकेपर्यंत अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा पक्क्या नोकरीतला. त्या वर्षांत मुलीच्या बापाला नोकरी या शब्दापुढे दुसरं काही ऐकू येत नव्हतं. शेतकऱ्याला मुलगी द्यायला शेतकरीही तयार नव्हता, तर नाझर कुठला! मंडळी येऊन कुंदाला पाहून गेली, पसंती आली, आणि संक्रांतीनंतर साखरपुडा ठरला. दुसऱ्या दिवशी कुंदा फांदी धरायला आली. येरोणीचे काटे वाकडे असतात, हात आत जाताना काही करत नाहीत, बाहेर काढताना धरतात. ती फांदी धरून उभी राहिली. हातावर लाल ओरखडे उठत होते. काकानं रोलमधले उरलेले सगळे फोटो त्या एकाच फांदीचे घेतले.

परतताना मी त्याच्यावर ओरडले. "आता कोणतं फळ यायचं राहिलं?"

"आवळा," तो म्हणाला. आणि रडला. रस्त्यात, कॅमेरा गळ्यात असताना. मी माझ्या काकाला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये तो प्रिंट घेऊन यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला गेला, तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या छापखान्यात. दोन दिवस बसून त्यानं स्वतः रंग पाहिले आणि शाईच्या वासाचे गठ्ठे घेऊन आला. कॅलेंडर असं देखणं निघालं होतं की काही विचारू नका. शेठनं ते सगळ्या तालुक्यात वाटलं. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, दवाखान्यात, बँकेत, जिकडे पाहावं तिकडे कुंदाचा हात. तहसील कचेरीत एक खास गठ्ठा गेला. नाझरसाहेबांनी एक आपल्या टेबलामागे लावलं आणि एक घरी नेलं. फळांचे फोटो किती सुबक आहेत असं त्यांनी कचेरीत चारचौघांना दाखवलंही. आम्ही मनात हसत होतो. किती हुशार आम्ही!

मग संक्रांत आली आणि नाझरसाहेबांच्या घरी हळदीकुंकू. बैठकीत सतरंज्या, अगरबत्ती, गुलाबपाण्याचा वास, नव्या साड्यांची सळसळ. वाणाला प्लास्टिकच्या साबणदाण्या होत्या. कुंदाची आई हळदकुंकू लावत होती, मी साबणदाण्या देत होते आणि कुंदा तिळगूळ वाटत होती. बायका ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीपुढे कुंदाचा हात येत होता. आणि भिंतीवर, बायकांच्या बरोबर समोर, ते कॅलेंडर. ते तिथं कोणी लावलं हे मी पुढे कितीतरी वर्षांनी कुंदाला विचारलं. "खिळा तिथंच होता," एवढंच ती म्हणाली.

पहिल्यांदा ध्यानात आलं ते शेजारच्या भागूमावशीच्या. तिनं तिळगूळ घेतला, पण कुंदाचा हात सोडलाच नाही. एकदा हाताकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"काहून वो पोरी," ती म्हणाली, "त्या बोराच्या फोटूतली करंगळी तुयासारखीच वाकडी हाय."

कुंदाची करंगळी वाकडी आहे. रांगती असताना दाराच्या फटीत सापडली होती, तशीच जुळून आली. अख्ख्या आळीला माहीत असलेली गोष्ट. आम्ही चेहरा झाकला, पदर झाकला, वेणी झाकली, आणि करंगळी मात्र बाराही महिने तालुक्याला दाखवली. मी तिला रोज पाहत होते, म्हणून मला ती दिसलीच नव्हती. काकाला नंतर विचारलं तर म्हणाला, "मले वाटे का सगळ्याईचीच करंगळी तशी असते." मी कपाळावर हात मारला.

मग काय! बायका सतरंजीवरून उठल्या. कोणीतरी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि पानं उलटायला लागली. मार्च, करंगळी. मे, करंगळी. "अन् हा जूनमधी हात जांभया कसा झाला वो? तू तं शाई म्हणत होती!" "आन् ही पाह्य नागपंचमीची मेंदी. मीच काढून देल्ती हिले!" "अन् हे ओरखडे? माय वो, मांजरीनं बोचकारलं म्हणे!" एकेका महिन्याची साक्ष निघत होती. कुंदाची आई कोयरी हातात धरून पुतळ्यासारखी उभी. आणि ओळीच्या टोकाला अकोल्याच्या मुलाची सख्खी मावशी बसली होती, दारव्ह्यातच राहणारी. ठरलेली मुलगी पुन्हा एकदा नीट बघायला म्हणून आलेली.

मावशी उठल्या. कॅलेंडर स्वतःच्या हातात घेतलं. मावशी म्हणाल्या, "पाहायला आलो तेव्हा करंगळीचं काही बोलल्या नाहीत तुम्ही."

बारा महिने एका परक्या माणसासमोर फांदी धरून उभी होती, त्याचं नाही. करंगळीचं! मला हसू फुटलं आणि ते दाबता दाबता माझ्या हातातल्या साबणदाण्या घरंगळत मावशींच्या पायापर्यंत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाझरसाहेबांनी काकाला घरी बोलावलं. काकाची पाचावर धारण बसली. शर्टाची बटणं मी लावून दिली. आम्ही गेलो तेव्हा नाझरसाहेब खुर्चीत बसले होते आणि समोर टेबलावर कॅलेंडर. ते काही रागीट गृहस्थ नव्हते. त्यांचा राग कागदासारखा होता, सरळ आणि कोरा. कुंदा आतल्या दाराशी उभी होती. आई पडद्यामागे रडत होती, ते ऐकू येत होतं.

"अकोल्याची मंडळी करंगळी विसरायला तयार आहेत," नाझरसाहेब म्हणाले. "मी विसरू का, ते तुम्ही सांगा. हा काय प्रकार आहे?"

"साहेब, हवा होती," काका म्हणाला. "फांदी हलून राह्यली होती..."

"वर्षभर हवा होती?"

काका मी लावून दिलेली बटणं चाचपू लागला. मी डोळ्यांनी त्याला खुणावत होते, बोल, आता तरी बोल, सगळी फळं संपली आता.  त्यानं एकदा कुंदाकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "कुंदा नसली तं माझा एकही फोटो धड येत नाही. सगळं हलते. फांदीच नाही, मीबी. मले तिच्याशी लग्न करायचं हाय. मागच्या जानेवारीतच सांगा लागत होतं. मी भेलो."

आतलं रडणं थांबलं. 

"तुमच्याजवळ नोकरी नाही," नाझरसाहेब म्हणाले. "मागच्या वर्षात लग्नाची कामं किती मिळाली ते सगळ्या गावाला माहीत आहे. मी मुलीला काय म्हणून देऊ?"

"रानात वर्षभर काही ना काही पिकतेच साहेब," काका म्हणाला. "हे पाहा ना."

नाझरसाहेबांनी खरंच कॅलेंडर जवळ ओढलं. एकेक पान ते जमिनीच्या कागदासारखं तपासत होते. सप्टेंबरवर थांबले. सप्टेंबर काय असतो ते या जिल्ह्यात नोकरी केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. त्यांनी बोट ठेवलं आणि मान वर न करता विचारलं, "आणि या महिन्यात काय खाणार?"

 काकाला खोटं बोलता येत नव्हतं. दाराशी उभी असलेली कुंदा दोन पावलं पुढे आली.

"कामोण्या," ती म्हणाली. "मी खाल्ल्यात बाबा. त्यांनी पोट भरत नाही, मला माहीत आहे. पण गोड असतात."

नाझरसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे चोळले. त्यांच्या घरात चपलांनाही नियम होता, पण त्या क्षणासाठी कुठला नियम नसावा. ते मुलीकडे पाहत राहिले, आणि जेव्हा बोलले तेव्हा त्यांचा कचेरीतला आवाज कुठल्या कुठे गेला होता. घरातला, आपल्या वऱ्हाडातला आवाज होता तो.

"वर्षभर इतकं सारं गोडगोड खात राह्यली पोरी," ते म्हणाले, "अन् घरी कायले नाही आणलं कधी? तुया बापाले नसतं आवडलं का?"

कुंदा तिथंच खाली बसून रडायला लागली. मग तिची आई पडदा सारून बाहेर आली, आणि तिनं काकाला विचारलं की तो चहा साखरेचा घेतो का गुळाचा.